दोन सह्या असूनही पैसे जातात कसे?

तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडते. तुम्ही दादरच्या एका नागरी सहकारी बँकेत बरीच वर्षं क्लार्क आहात आणि आता पासिंग ऑफिसरची, म्हणजे क्लार्कने केलेले व्यवहार मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याची, बढती समोर आहे. तुम्ही विचारता की मेकर-चेकर आहे (एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून मंजूर करायची), तिजोरीला दोन चाव्या आहेत, कन्करंट (वर्षभर चालू असणारं) ऑडिट करणारे ऑडिटर येतात, रिझर्व्ह बँकेचं इन्स्पेक्शन होतं, तरी मुंबईतल्याच बँकांत एवढे घोटाळे झाले कसे? आणि उद्या काही निघालं तर सही तुमची असणार, मग बढती घ्यावी की नाही?

माझी नोकरी बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यात झाली. निवृत्तीनंतर सहकारी बँकांचं कन्करंट ऑडिट करते. या सगळ्या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्याचं काम तपासायचं, माहितीही त्याच्याकडूनच घ्यायची, अशी व्यवस्था असेल तिथे कंट्रोल नसतो, नुसती सही असते. घोटाळा झालेल्या बहुतेक बँकांत नियम होते, रजिस्टरं होती आणि सह्याही होत्या. नव्हती ती स्वतंत्रपणे मिळवलेली माहिती.

मुंबईचीच उदाहरणं घेऊ. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बँका एकमेकींना बँक रिसीट देत होत्या. 'आम्ही तुम्हाला रोखे विकले आहेत, ते नंतर पोचवू' एवढंच ती रिसीट सांगायची. समोरची बँक ती रिसीट हातात घेऊन कोट्यवधी रुपये सोडायची. रोखे खरोखर आहेत का, हे कुणी बघत नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने तपासलं तेव्हा बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह या दोन छोट्या बँकांनी मागे रोखे नसतानाच रिसीट काढल्याचं उघड झालं. म्हणजे पैसे देणाऱ्याने पैसे घेणाऱ्याचाच कागद पुरावा मानला.

पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस शाखेचं प्रकरण फेब्रुवारी २०१८ मध्ये बाहेर आलं. नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी यांच्या कंपन्यांसाठी लेटर ऑफ अंडरटेकिंग (ग्राहकाच्या परदेशातल्या कर्जाची बँकेने दिलेली हमी) स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-प्रणालीवरून, इतर भारतीय बँकांच्या परदेशातल्या शाखांना जात होती, आणि कोअर बँकिंगमध्ये (सीबीएस, बँकेच्या हिशेबाची मुख्य संगणक प्रणाली) त्यांची नोंदच नव्हती. आकडा पुढे १३ हजार कोटींच्या वर गेला. स्विफ्ट आणि सीबीएस एकमेकांना जोडलेले नव्हते. त्यामुळे सीबीएसवर बसून तपासणी करणाऱ्याच्या दृष्टीने ते व्यवहार झालेच नव्हते. दिवसभरात स्विफ्टवरून किती मेसेज गेले, ही यादी त्या खात्याबाहेरच्या माणसाने थेट काढून रोज सीबीएसशी जुळवली असती, तर पहिल्याच आठवड्यात फरक दिसला असता. रिझर्व्ह बँकेने त्यानंतर दोन्ही प्रणाली जोडण्यासाठी ३० एप्रिल २०१८ ची मुदत घातली आणि मार्चमध्ये लेटर ऑफ अंडरटेकिंगची पद्धतच बंद केली.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह म्हणजे पीएमसी बँकेत तर इन्स्पेक्शनसाठी द्यायची यादीच बनावट होती. एचडीआयएल या बांधकाम कंपनीच्या गटाची ४४ कर्जखाती लपवण्यासाठी २१,०४९ खोटी खाती दाखवली होती. ती सीबीएसमध्ये उघडलेलीही नव्हती, फक्त रिझर्व्ह बँकेला दिलेल्या यादीत होती. एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक एकाच गटाकडे होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा खातेदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. सोसायटीचा सिंकिंग फंड, मुलीच्या लग्नाची एफडी, निवृत्तीची पुंजी, सगळं अडकून माणसं भांडुपच्या शाखेबाहेर उभी होती. त्यांचा काय दोष होता?

आणि न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक, फेब्रुवारी २०२५. प्रभादेवी आणि गोरेगावच्या तिजोऱ्यांतून १२२ कोटी रुपये रोख गायब असल्याचं रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत दिसलं. बँकेवर निर्बंध आले, दुसऱ्या दिवशी संचालक मंडळ बरखास्त झालं आणि ऑगस्टमध्ये ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. खटले त्यांच्या मार्गाने चालतील. तुम्ही आणि मी त्यातून काय शिकायचं, ते या रोकडीवरूनच सांगते, कारण पासिंग ऑफिसर झाल्यावर तिजोरीची एक चावी बहुधा तुमच्याकडे येईल.

एक हिशेब करून बघा. ५०० च्या १०० नोटांचं एक पाकीट, दहा पाकिटांचं एक बंडल. म्हणजे बंडल ५ लाखांचं आणि १ कोटीला २० बंडलं. १२२ कोटी सगळे ५०० च्याच नोटांत धरले तरी २,४४० बंडलं होतात. शाखेच्या तिजोरीत एवढी जागा आहे का, हे बघायला ऑडिटर असावं लागत नाही. तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार प्रभादेवीच्या तिजोरीची क्षमताच १० कोटींच्या आसपास होती. त्यापुढचा प्रश्न आणखी साधा आहे. तिजोरीतल्या नोटांवर बँकेला एक पैसा व्याज मिळत नाही, मग एवढी रोकड महिनोन्महिने पडून का? प्रत्येक शाखेला रोकड ठेवण्याची मर्यादा ठरवून दिलेली असते आणि विमाही तेवढाच उतरवलेला असतो. मर्यादेपेक्षा जास्त रोकड सलग दिसली की ती करन्सी चेस्टला (रिझर्व्ह बँकेच्या वतीने नोटा साठवणाऱ्या तिजोरीला) किंवा मोठ्या बँकेतल्या खात्यात का भरली नाही, हे मुख्य कचेरीने विचारायलाच हवं. ताळेबंदातल्या 'हातातील रोख' या एका ओळीकडे संचालकांनी नीट बघितलं तरी हा प्रश्न पडतो.

आता प्रत्यक्ष मोजणी. पुष्कळ शाखांत संध्याकाळी कॅशियर आकडा सांगतो, ऑफिसर रजिस्टरवर सही करतो आणि दोघं चाव्या फिरवून घरी जातात. तुम्ही तसं करू नका. डिनॉमिनेशनप्रमाणे बंडलं स्वतः मोजा. रोज दोन-तीन बंडलं तुमच्या मनाने निवडा आणि फोडून मशीनवर घाला. ती नेहमी पुढच्या रांगेतली नकोत, मागच्या आणि खालच्या थरातली काढा. वर-खाली खऱ्या नोटा आणि मध्ये कमी किमतीच्या नोटा किंवा कागद, हा फार जुना प्रकार आहे. बंडलाच्या कडेने अंगठा फिरवला की नोटेचा आकार आणि रंग बदललेला कळतो. फाटक्या आणि खराब नोटांच्या पिशव्या 'नंतर बघू' म्हणून सोडू नका, कारण तूट बऱ्याचदा तिथेच लपवलेली असते. एटीएममध्ये भरलेली रोकड हीसुद्धा शाखेचीच रोकड आहे. मशीनने मोजलेला आकडा आणि प्रत्यक्ष नोटा महिन्यातून एकदा तरी एकाच वेळी जुळवायला लावा.

सरप्राइज व्हेरिफिकेशन तर खरोखर अचानक हवं. "मॅडम, मंगळवारी या, सोमवारी गर्दी असते" असं कुणी सांगत असेल तर सोमवारीच गेलं पाहिजे. एकाच बँकेच्या दोन शाखांची रोकड वेगवेगळ्या दिवशी मोजली, तर तेच पैसे एका तिजोरीतून दुसरीत नेऊन दोनदा दाखवता येतात. म्हणून मोठी रोकड ठेवणाऱ्या सगळ्या शाखा एकाच दिवशी, एकाच वेळी मोजाव्यात. मी इन्स्पेक्शनला असताना एका शाखेत शनिवारी शेवटच्या तासात गेले. मॅनेजर म्हणाले, दुसरी चावी ज्यांच्याकडे आहे ते कल्याणला घरी गेले. मी थांबले. ते कल्याणहून परत आले, रात्री तिजोरी उघडली आणि रोकड बरोबर निघाली. पण चावी रजिस्टरमध्ये दुसऱ्या चावीच्या पुढे त्याच दिवशीची, त्याच माणसाची, संध्याकाळी सहाची सही आधीच केलेली होती आणि तो माणूस तर दुपारीच निघाला होता. पैसे एक रुपयाने कमी नव्हते, तरी माझ्या रिपोर्टचा पहिला मुद्दा तोच होता.

पासवर्डचंही हेच. "साहेब मीटिंगला जाताना पासवर्ड सांगून गेलेत, ग्राहक खोळंबलेत", हे वाक्य मी जितक्या शाखांत ऐकलं तितकं दुसरं कोणतंच ऐकलं नाही. सांगणारा बिचारा कामाच्या घाईतच असतो. पण ज्या क्षणी मेकरला चेकरचा पासवर्ड माहीत झाला, त्या क्षणी तुमच्या बँकेचं मेकर-चेकर संपलं. सिस्टिमला दोन युजर दिसतात, माणूस एकच असतो. हे पकडायची माझी पद्धत सोपी आहे. आयटी खात्याकडून थेट, शाखेमार्फत नव्हे, युजरची लॉगिन नोंद मागवायची आणि रजेच्या रजिस्टरशेजारी ठेवायची. ऑफिसर रजेवर होता त्या दिवशी त्याच्या युजरने व्हाउचर पास झालेलं दिसलं की पुढे फार बोलावं लागत नाही. तुमच्या युजरची अशी नोंद दर महिन्याला स्वतःसाठीही मागून घ्या. तुमच्या नावावर काय पास झालं हे तुम्हालाच आधी कळलं पाहिजे.

ज्येष्ठ ग्राहकांच्या खात्यांबद्दल मला विशेष काळजी वाटते. दादर, पार्ले, गिरगाव, मुलुंड अशा भागांतल्या शाखांत मोठमोठ्या एफडी म्हाताऱ्या माणसांच्या असतात. मुलं परदेशात, पासबुक भरायलाही शेजारी येतो. अशा एफडीवर ग्राहकाच्या नकळत ओव्हरड्राफ्ट काढला जातो. क्रम जवळजवळ ठरलेला असतो: आधी खात्याचा मोबाइल नंबर बदलतो, मग बंद पडलेलं बचत खातं चालू होतं किंवा एफडीवर लिएन (कर्जापोटी बँकेचा हक्क) लागतं, आणि मग पैसे तिसऱ्याच खात्यात जातात. या तिन्ही गोष्टी रोजच्या एक्सेप्शन रिपोर्टमध्ये (नेहमीपेक्षा वेगळ्या व्यवहारांच्या यादीत) असतात, पण वेगवेगळ्या पानांवर. बहुतेक शाखांत तो रिपोर्ट छापून, सही करून फाइलला लागतो. तुम्ही एवढंच करा: काल ज्या खात्यांचे मोबाइल नंबर बदलले ती खाती लिहून घ्या आणि पुढच्या पंधरा दिवसांच्या मोठ्या डेबिटमध्ये ती येतात का बघा. नंबर बदलताना जुन्या नंबरवर फोन करून खात्री करून घ्या. जुना नंबर बंद असेल तर ग्राहकाच्या घरी माणूस पाठवा आणि तो माणूस अर्ज घेणारा नसावा. एफडीवरच्या कर्जासाठी आजोबा स्वतः येऊ शकत नसतील, तर ज्याने अर्ज आणला त्याच्याबरोबर नव्हे, वेगळं जाऊन त्यांना भेटा. या भेटीला अर्धा दिवस जातो. तो जाऊ द्या.

सस्पेन्स आणि संड्री खाती ही दुसरी अंधारी जागा. एखादी रक्कम कुठे टाकायची कळत नाही म्हणून ती तात्पुरती तिथे ठेवतात, हे ठीकच आहे. पण जुनी नोंद दिसू नये म्हणून ती उलटवून त्याच दिवशी नव्या तारखेने परत टाकली जाते. मग यादीत ती एक दिवसाची दिसते, खरं वय असतं दोन वर्षं. नुसती थकीत नोंदींची यादी बघून हे कळत नाही. तीच रक्कम, तोच आकडा पैशांसकट पुन्हा पुन्हा येतो का, हे बघावं लागतं. तिमाहीच्या शेवटच्या दोन दिवसांतल्या नोंदी मी नेहमी वेगळ्या काढते.

सोनेतारणात मूल्यांकन करणारा सराफ एकच असेल आणि वर्षानुवर्षं तोच असेल, तर तुमची पडताळणी त्याच्याच शब्दावर चालली आहे. फेरपडताळणी दुसऱ्या सराफाकडून करा, पाकिटं तुम्ही निवडा, सील आणि वजन दोन्ही बघा. मोठ्या कर्जांविषयी इथे थोडंच सांगते, कारण मंजुरी तुमच्या हातात नसेल. सर्च रिपोर्ट (मालमत्तेच्या मालकीच्या तपासाचा अहवाल) देणारा वकील आणि व्हॅल्युअर कर्जदाराने आणलेला नको. तारण घेण्यापूर्वी सर्साईवर (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत) शोध हवा. स्टॉक स्टेटमेंट (कर्जदाराच्या मालसाठ्याचा तक्ता) आलं की भिवंडीचं गोदाम कुणीतरी जाऊन बघायला हवं. आणि नवं कर्ज वाटल्यावर त्याच आठवड्यात त्याच गटाचं जुनं थकलेलं खातं नियमित झालं, तर ते पैसे कुठून आले हे विचारायला हवं.

आता रजा. ही गोष्ट लोक सगळ्यात हलकी घेतात आणि माझ्या मते तिच्याइतका स्वस्त आणि परिणामकारक कंट्रोल दुसरा नाही. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये सांगितलं आणि २०२१ मध्ये आणखी स्पष्ट केलं की संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग किमान १० कामकाजाचे दिवस, पूर्वसूचना न देता, सक्तीच्या रजेवर पाठवायचं. त्या काळात कार्यालयाचा ईमेल सोडून कामाच्या कोणत्याही प्रणालीत त्याला शिरता येऊ नये. कारण उघड आहे. चालू फसवणुकीला रोज सांभाळावं लागतं, एक नोंद दुसरीने झाकावी लागते. खुर्चीवर दुसरा माणूस बसला की ते थांबतं. ब्रॅडी हाउसचं प्रकरणही असंच बाहेर आलं. एकाच शाखेत सुमारे सात वर्षं बसलेला अधिकारी २०१७ मध्ये निवृत्त झाला. जानेवारी २०१८ मध्ये त्या कंपन्या पुन्हा लेटर ऑफ अंडरटेकिंग मागायला आल्या. नव्या अधिकाऱ्याने रोख मार्जिन (हमीपोटी आधी भरायची रक्कम) मागितलं तेव्हा ते म्हणाले, आम्हाला आजवर कधी द्यावं लागलं नाही. तो अधिकारी जुन्या नोंदी शोधायला गेला, तर नोंदीच नव्हत्या. आपल्याकडे मात्र "ते कधीच रजा घेत नाहीत, बँकेला वाहून घेतलंय" हे कौतुक म्हणून सांगितलं जातं. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असतं. तरी त्यांना रजेवर पाठवा, त्यांचा अपमान न होऊ देता, सगळ्यांना लागू असलेला नियम म्हणून.

सहकारी बँकांची एक खास अडचण आहे आणि ती उघडपणे बोलली पाहिजे. माणसं ओळखीची असतात. एका तालुक्याची, एका पतपेढीतून आलेली, कुणाला संचालकांनी नोकरी लावलेली. त्यामुळे "साहेबांनी सांगितलंय" या शब्दांपुढे मॅन्युअल टिकत नाही. संचालकांचा फोन येतो, व्हाउचर आज पास करा, कागद उद्या येतील. नाही म्हणायची ताकद प्रत्येकात नसते, आणि घर चालवणाऱ्या माणसाकडून ती अपेक्षा करणं मला पटत नाही. पण एक गोष्ट प्रत्येकाला करता येते. त्याच दिवशी, व्यवहार करण्याआधी, कार्यालयाच्या ईमेलवरून लिहा: "आज सकाळी आपण फोनवर दिलेल्या सूचनेनुसार अमुक खात्यातून अमुक रक्कम कागदपत्रांशिवाय सोडण्याबाबत, कृपया लेखी पुष्टी द्यावी." भाषा नम्र ठेवा, आरोप करू नका. माझा अनुभव असा की अशा दहा सूचनांपैकी बहुतेक सूचना ईमेल पोचल्यावर परत घेतल्या जातात. पुष्टी आली नाही, तर व्यवहार करू नका.

कन्करंट ऑडिटविषयी तुम्ही विचारलंत, तर आमच्या बाजूचंही सांगते. ऑडिटरला सीबीएसचं स्वतंत्र, फक्त वाचण्याचं लॉगिन हवं. मागितलेले रिपोर्ट शाखा एक्सेलमध्ये काढून देत असेल, तर तो ऑडिटर शाखेने दाखवलेलं तेवढंच बघतो आहे. त्याचा अहवाल थेट ऑडिट समितीकडे गेला पाहिजे. आधी शाखेत, मग "हा मुद्दा काढून टाका, पूर्तता केली आहे" अशी चर्चा, आणि मग मुख्य कचेरीत, हा रस्ता चुकीचा आहे. एकच मुद्दा लागोपाठ चार अहवालांत येत असेल तर तो समितीने स्वतः उचलायचा असतो.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचा जो भाग राहिला तो. वरचेच सामील असतील तर शाखेतले कंट्रोल पुरतात का? पुरत नाहीत. पीएमसीत बनावट यादी मुख्य कचेरीत तयार होत होती, शाखेतला पासिंग ऑफिसर तिथे काय करणार? तिथे संचालक मंडळाची ऑडिट समिती, वैधानिक लेखापरीक्षक आणि रिझर्व्ह बँक यांनीच सीबीएसमधून थेट माहिती काढून बघावं लागतं. पण खालच्या माणसाला काहीतरी विचित्र चाललंय हे बऱ्याचदा सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२४ च्या निर्देशांत फसवणुकीची आगाऊ लक्षणं ओळखण्यावर आणि तक्रार करणाऱ्याच्या संरक्षणावर भर आहे. तुमच्या बँकेचं व्हिसल ब्लोअर धोरण काय आहे, तक्रार नेमकी कुणाच्या हातात जाते, हे आत्ताच वाचून ठेवा. ती सीईओंच्या हातात जात असेल आणि संशयच त्यांच्यावर असेल, तर ऑडिट समितीच्या अध्यक्षांना किंवा थेट रिझर्व्ह बँकेला लिहिता येतं.

बढती जरूर घ्या. नोंदी वाचणारी माणसं त्या खुर्चीत बसायला हवीत. फक्त चार्ज घेताना घाई करू नका. तुमच्या पासिंगची मर्यादा किती रुपयांची, हे लेखी घ्या. रोकड, चाव्या, कोरे चेकबुक, एफडी रिसीट आणि डिमांड ड्राफ्टची कोरी पुस्तकं यांची मोजदाद आधीच्या अधिकाऱ्यासमोर करा आणि त्या कागदावर दोघांच्या सह्या व वेळ टाका. सस्पेन्सच्या सगळ्या जुन्या नोंदींची यादी त्या दिवशीच काढून, तुमच्या आधीच्या म्हणून, नोंदवून ठेवा. पूर्वीच्या अधिकाऱ्याचा युजर आयडी बंद झाल्याचं आयटीकडून ईमेलवर मागा. पुढे चौकशी झालीच, तर कुणी काय बघितलं होतं आणि त्यावर काय लिहिलं होतं, हेच विचारतात. हे सगळं व्हायला दोन दिवस लागले तर लागू द्या, आणि तोवर चार्ज रिपोर्टवर सही करू नका.